शाखांचा ट्रॅफिक दोन लिंकवर कसा वाटायचा? काउंटरपासून डेटा सेंटरपर्यंतचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नागरी सहकारी बँकेच्या ४२ शाखा आहेत. प्रत्येक शाखेत ४ एमबीपीएसची (सेकंदाला ४ मेगाबिट) एमपीएलएस लिंक आहे, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या खासगी जाळ्यातून डेटा सेंटरपर्यंत जाणारी जोडणी, आणि जोडीला ५० एमबीपीएसचं फायबर ब्रॉडबँड. सीबीएस (सगळ्या शाखांचे व्यवहार चालवणारं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर) डेटा सेंटरमध्ये आहे, लोड बॅलन्सरच्या, म्हणजे काम सर्व्हरांत वाटून देणाऱ्या उपकरणाच्या, मागे चार अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. सकाळी अकरा ते साडेबारा काउंटरवर स्क्रीन अडकते, रांग वाढते, आणि त्याच वेळी ब्रॉडबँड रिकामं पडून असतं. मग दोन्ही लिंकवर निम्मा-निम्मा ट्रॅफिक टाकावा का? राउटरवर पॅकेटनिहाय वाटप, म्हणजे डेटाचा एक तुकडा एका लिंकवर आणि पुढचा दुसऱ्यावर, चालू करावं का?

निम्मा-निम्मा नको, आणि पॅकेटनिहाय तर अजिबात नको. बँकेच्या जाळ्यात कोणता ट्रॅफिक कोणत्या वाटेने जाणार हे ठरवून द्यावं लागतं. काउंटरचं काम एका लिंकवर, जड आणि थांबू शकणारं काम दुसऱ्या लिंकवर, आणि दोन्हींपैकी कोणतीही एक पडली तरी उरलेल्या लिंकवर काउंटर चालू राहिलं पाहिजे. सगळी रचना या शेवटच्या अटीवर बेतायची.

आधी मोजमाप, कारण आलेख फसवतो

बहुतेक बँकांत लिंकचा वापर पाच मिनिटांच्या सरासरीने पाहिला जातो. ही सरासरी नेमकं दुखणं लपवते. अकरा वाजून वीस मिनिटांनी शाखेत काय होतं ते पाहा. क्लिअरिंगच्या टेबलावर ३०० चेक स्कॅन झालेत. सीटीएसमध्ये (चेक कागदाऐवजी प्रतिमेवरून वटवण्याची पद्धत) प्रत्येक चेकच्या तीन प्रतिमा जातात: पुढची बाजू ग्रेस्केलमध्ये, पुढची काळ्या-पांढऱ्यात आणि मागची काळ्या-पांढऱ्यात. तिन्ही मिळून ७० केबी धरू. तुमच्या स्कॅनरवर एकदा खरा आकडा काढून घ्या. ३०० चेकचे झाले २१ एमबी, म्हणजे १६८ मेगाबिट. ४ एमबीपीएसच्या लिंकवर याला ४२ सेकंद लागतात, तेही लिंकवर दुसरं काहीच नसेल तर.

त्या ४२ सेकंदांत लिंक शंभर टक्के भरलेली असते. उरलेल्या २५८ सेकंदांत ती ३० टक्के चालली असं धरलं, तर पाच मिनिटांची सरासरी येते १.६ एमबीपीएस, म्हणजे ४० टक्के. आलेख पाहणारा म्हणतो, लिंक निवांत आहे, दोष सीबीएसचा. सीबीएसवाले म्हणतात, सर्व्हर निवांत आहे, दोष नेटवर्कचा. ग्राहक मात्र पासबुक हातात धरून उभा असतो. म्हणून शाखेच्या राउटरचं मोजमाप १० सेकंदांच्या, निदान एक मिनिटाच्या अंतराने घ्या, आणि सोबत नेटफ्लो चालू करून कोणत्या यंत्राने कोणाशी किती बोलणं केलं ते नोंदवा. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून सीटीएसमध्ये सलग क्लिअरिंग आणलं. सकाळी दहा ते चार या वेळात चेक जसे स्कॅन होतील तसे पाठवायचे असतात. त्यामुळे पूर्वी दुपारच्या गठ्ठ्यात जाणारा हा भार आता थेट काउंटरच्या गर्दीत येऊन बसला आहे. त्याआधी केलेलं मोजमाप वापरू नका.

मोजमाप कोणत्या दिवशी घ्यायचं यालाही महत्त्व आहे. महिन्याच्या १ ते १० तारखेत पगार आणि पेन्शन, सोमवार, जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस, मार्चअखेर, हे सगळीकडचे गर्दीचे दिवस. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या शाखांना आणखी दोन पंचांगं असतात. दूध संस्थांचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, आणि गळीत हंगामात उसाची बिलं जमा होतात. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची कायद्यातली अट आहे. बिल जमा झाल्याची बातमी गावात पोचली की त्या शाखेत दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडण्याआधी रांग लागते. शाखेची क्षमता अशा दिवसावर ठरवायची. सरासरी दिवसावर ठरवली तर नेमक्या त्या दिवशी लिंक अपुरी पडते.

आता काउंटरच्या कामाचा हिशेब. शाखेत १२ संगणक, एका व्यवहारात स्क्रीन, सहीची प्रतिमा आणि उत्तरं मिळून २०० केबी, आणि गर्दीत प्रत्येकाचा मिनिटाला एक व्यवहार. १२ गुणिले २०० केबी म्हणजे मिनिटाला २.४ एमबी, सरासरी ३२० केबीपीएस. हे ४ एमबीपीएसच्या एक दशांशाहूनही कमी आहे! चार जणांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी ६.४ मेगाबिट होतात, दीड-पावणेदोन सेकंदांत संपतात. म्हणजे सीबीएसला लिंक पुरेशी आहे. काउंटर अडतं ते शेजारच्या जड कामामुळे.

लिंक जाड केली तरी स्क्रीन का अडते

सीबीएसची एक स्क्रीन उघडताना ब्राउझर एकामागोमाग अनेक विनंत्या पाठवतो, आणि पुष्कळ ठिकाणी आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती निघत नाही. अशा ३० विनंत्या आणि लिंकवर येण्या-जाण्याचा वेळ ३५ मिलिसेकंद असेल, तर स्क्रीन साधारण एका सेकंदात उघडते. चेकच्या प्रतिमांनी लिंक भरली की पॅकेटं वाटेत रांगेत उभी राहतात. २५० केबीची रांग ४ एमबीपीएसवर रिकामी व्हायला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे ३५ चे ५३५ मिलिसेकंद झाले, आणि तीच स्क्रीन आता १६ सेकंद घेते. एकही पॅकेट हरवलेलं नाही, लिंक खाली गेलेली नाही, तरी रोखपाल म्हणतो सिस्टीम हँग झाली. त्याचं बरोबर आहे.

पडताळणी सोपी आहे. गर्दीच्या वेळी शाखेतल्या संगणकावरून सीबीएसच्या पत्त्यावर सलग पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात हे मोजणारी छोटी चाचणी) लावून ठेवा आणि क्लिअरिंगवाल्यांना अपलोड चालू करायला सांगा. पिंग ३५ वरून ४००-५०० वर उडाला तर दोष रांगेचा आहे. पिंग जागेवर राहिला आणि तरीही स्क्रीन अडकली, तर लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये सर्व्हरने उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते पाहा. मग नेटवर्कला हात लावू नका.

व्हीसॅटवरच्या, म्हणजे उपग्रहाने जोडलेल्या, शाखांचा प्रश्न वेगळा आहे. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, त्यामुळे येण्या-जाण्याला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतातच. तीच ३० विनंत्यांची स्क्रीन तिथे १८ सेकंद घेणार, मग बँडविड्थ कितीही वाढवा. भारतीय बँकांचं इन्फिनेट हे जाळं १९९९ मध्ये व्हीसॅटवरच उभं राहिलं, पण त्या काळातले संदेश छोटे होते. आजच्या ब्राउझरवरच्या सीबीएसला तो उशीर सोसत नाही. जिथे ४जी मिळतं तिथे ४जी पुढे आणि व्हीसॅट राखीव ठेवा. कू बँडचं व्हीसॅट कोकणातल्या मुसळधार पावसात मंदावतं, हेही लक्षात असू द्या.

रांग आपल्या हातात घ्या

इथे सगळ्यात जास्त जणांचं चुकतं. राउटरवर क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचं याचे नियम) लावलेलं असतं, सीबीएसला प्राधान्य दिलेलं असतं, तरी उपयोग शून्य. कारण सेवा देणाऱ्याने शाखेत केबल दिलेली असते १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टची, आणि करार असतो ४ एमबीपीएसचा. तुमच्या राउटरला वाटतं रस्ता १०० चा आहे, म्हणून त्याच्याकडे रांग कधी लागतच नाही. रांग लागते सेवा देणाऱ्याच्या उपकरणात, आणि तिथे तो सीबीएस आणि अँटीव्हायरसचा अपडेट यांत फरक न करता जास्तीची पॅकेटं टाकून देतो.

म्हणून बाहेर जाणाऱ्या पोर्टवर शेपिंग (वेग आपणच रोखून रांग आपल्या राउटरवर लावून घेणं) लावा, कराराच्या ९५ टक्क्यांवर, म्हणजे ३.८ एमबीपीएस. त्या शेपरच्या पोटात वर्ग करा. सीबीएस आणि एटीएमचे संदेश पहिल्या वर्गात, डीएससीपी (पॅकेटवर लिहिलेला वर्गाचा आकडा) २६, निदान १.५ एमबीपीएस राखीव. सीटीएस आणि आधारची पडताळणी दुसऱ्यात, डीएससीपी १८, एक एमबीपीएस राखीव. मेल आणि इंट्रानेट साध्या वर्गात. विंडोजचे अपडेट, अँटीव्हायरस, सीसीटीव्ही, बॅकअप हे सगळ्यात खाली, डीएससीपी ८. राखीव म्हणजे किमान हमी. लिंक रिकामी असेल तेव्हा कोणीही पूर्ण वापरावी. सीबीएसला कडक प्राधान्याच्या रांगेत टाकू नका. ती रांग आवाजाच्या कॉलसाठी असते आणि तिच्यात मर्यादेपलीकडची पॅकेटं थेट टाकली जातात. एमपीएलएसवाला तुमचे डीएससीपी आकडे मानतो की वाटेत पुसून टाकतो, हे दोन्ही टोकांना पॅकेट पकडून बघा आणि करारात लिहून घ्या.

दुसरी बाजू तर अनेकदा विसरलीच जाते. शाखेच्या राउटरवरचं शेपिंग फक्त शाखेतून वर जाणाऱ्या ट्रॅफिकला लागू होतं. चेकच्या प्रतिमा वर जातात, पण स्क्रीन, रिपोर्ट, अपडेट हे सगळं डेटा सेंटरकडून खाली येतं. डेटा सेंटरची लिंक १०० एमबीपीएसची आणि शाखेची ४ ची, त्यामुळे खाली येणारा लोंढा पुन्हा सेवा देणाऱ्याच्या दारात अडतो. इलाज एकच: डेटा सेंटरच्या राउटरवर प्रत्येक शाखेसाठी वेगळा शेपर, ३.८ एमबीपीएसचा, त्याच वर्गांसह. शाखेच्या टनेलवर (शाखा ते डेटा सेंटर बांधलेली बंद वाट, ती पुढे येते) तो लावणं सोपं पडतं. ४२ शाखांचं कॉन्फिगरेशन हाताने टाइप करत बसू नका. साचा करा आणि शाखेचा क्रमांक व वेग एवढंच बदला.

अपडेटसाठी शाखेत एक यंत्र ठरवा. ते रात्री एकदाच उतरवून घेईल आणि बाकीचे त्याच्याकडून घेतील. १२ यंत्रांनी एकच फाइल १२ वेळा ओढायचं कारण नाही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग शाखेतच राहू द्या. एका कॅमेऱ्याचा पूर्ण दर्जाचा प्रवाह २ ते ४ एमबीपीएस खातो, म्हणजे मुख्य कार्यालयात कोणी एक कॅमेरा उघडला की अख्खी एमपीएलएस लिंक गेली.

दोन लिंकवर वाटप

पॅकेटनिहाय वाटपात एकाच जोडणीची पॅकेटं आळीपाळीने दोन वाटांनी जातात. ३५ मिलिसेकंदांच्या वाटेवरचं पॅकेट मागून निघून आधी पोचतं. टीसीपीला (पावत्या घेत डेटा क्रमाने पोचवणारा नियमसंच) क्रम बिघडलेला दिसतो, तीन वेळा तीच पावती आली की पॅकेट हरवलं असं समजून तो पुन्हा पाठवतो आणि वेग एकदम घटवतो. ५४ एमबीपीएस मिळतील या आशेने केलेली जोडणी ४ पेक्षाही संथ चालते. जोडणीनिहाय वाटप, म्हणजे एक जोडणी सुरू झाली की शेवटपर्यंत एकाच वाटेने, हेच चालतं. पण नुसतं समान खर्चाचं (खर्च म्हणजे राउटरने वाटेला दिलेला आकडा, कमी तितकी वाट पसंत) जोडणीनिहाय वाटपही इथे उपयोगाचं नाही, कारण हॅशला (पत्त्यांवरून वाट निवडणाऱ्या सूत्राला) सीबीएस आणि सीसीटीव्ही सारखेच दिसतात.

रचना अशी करा. दोन्ही लिंकवर शाखेपासून डेटा सेंटरपर्यंत आयपीसेक टनेल (डेटा कुलूपबंद करून नेणारी वाट) बांधा, एमपीएलएसवरही. डेटा सेंटरमध्ये दोन स्वतंत्र हेडएंड राउटर ठेवा: एमपीएलएसचे टनेल पहिल्यावर, ब्रॉडबँडचे दुसऱ्यावर. सीबीएस आणि एटीएम स्विचचे सर्व्हर एका सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एका गटात) ठेवा. सीटीएस, मेल, अपडेट यांचे दुसऱ्यात. शाखेला पहिलं सबनेट एमपीएलएसकडून कमी खर्चात कळवा आणि दुसरं ब्रॉडबँडकडून. परतीची वाट ही खरी अडचण असते, कारण डेटा सेंटरकडून पाहिलं तर शाखा एकच आहे. म्हणून पहिल्या सबनेटचा परतीचा ट्रॅफिक पहिल्या हेडएंडकडे आणि दुसऱ्याचा दुसऱ्या हेडएंडकडे द्या. प्रत्येक हेडएंड आपला टनेल जिवंत असेपर्यंत तोच पसंत करेल आणि मेला तर शेजाऱ्याकडे देईल. मग जाण्याची आणि येण्याची वाट एकच राहते.

हे न जुळवता फक्त शाखेकडून वाट बदलली तर काय होतं? विनंती ब्रॉडबँडच्या फायरवॉलमधून येते, उत्तर एमपीएलएसच्या फायरवॉलमधून परत जायला बघतं. त्या फायरवॉलने सुरुवातीचं पॅकेट पाहिलेलंच नसतं, म्हणून ती उत्तर टाकून देते. पिंग चालतो, सीबीएस उघडत नाही, आणि चार दिवस सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. दोन्ही टनेल एकाच फायरवॉल जोडीच्या मागे उतरवा, किंवा दोन्ही फायरवॉलना जोडण्यांची नोंद एकमेकींशी वाटून घ्यायला लावा.

ओएसपीएफ (राउटरांनी आपापसांत वाटा ठरवण्याची एक पद्धत) वापरत असाल तर संदर्भ बँडविड्थ (ज्या आकड्यावरून वाटेचा खर्च काढतात तो) सगळ्या राउटरवर सारखी वाढवून घ्या. मूळ १०० एमबीपीएसच्या संदर्भाने १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस दोन्हींचा खर्च १ येतो. टनेलवर मात्र खर्च हातानेच लिहिलेला बरा. एसडी-वॅन (शाखांच्या वाटा सॉफ्टवेअरने ठरवणारी प्रणाली) घेणार असाल तर वर्गनिहाय आणि जोडणीनिहाय वाटप ते स्वतः करतं, कामाची वस्तू आहे. पण वर्ग, राखीव वेग आणि सगळ्यात वाईट दिवसाचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो.

एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) विसरलात तर एक ओळखीचा आजार होतो: लॉगिन होतं, शिल्लक दिसते, पण खातेउतारा किंवा मोठा रिपोर्ट अर्ध्यावर थांबतो. टनेलचं वेष्टन चढल्यावर १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही. त्याला तोडायची मनाई असते, आणि लहान पॅकेट पाठवा सांगणारा आयसीएमपी निरोप कोणत्या तरी फायरवॉलने अडवलेला असतो. टनेलचा एमटीयू १४०० आणि टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी) १३६० करा. घरगुती पद्धतीच्या ब्रॉडबँडवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी उभी करण्याची पद्धत) आणखी ८ बाइट खातं, तेही यात सामावतं.

आणि शाखेच्या आत नॅट (यंत्राचा पत्ता वाटेत बदलून दुसरा लावणं) नको. टनेलमधून शाखेच्या यंत्राचा मूळ पत्ता तसाच गेला, तर लिंक बदलली तरी जोडणी टिकते आणि रोखपालाला पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. नॅट असेल तर पत्ता बदलतो आणि सगळी सत्रं एका झटक्यात तुटतात.

लिंक मेली हे कसं कळणार

शाखेतल्या मॉडेमचा दिवा हिरवा असतो आणि पुढे दहा किलोमीटरवर जेसीबीने फायबर तोडलेली असते. त्यामुळे पोर्ट वर आहे यावर विसंबू नका. बीजीपीच्या (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याची दुसरी पद्धत) मूळ ६० आणि १८० सेकंदांच्या वेळा ठेवल्यात तर काउंटर तीन मिनिटं आंधळं राहील. दर ५ सेकंदांनी टनेलमधून डेटा सेंटरपर्यंत तपासणीचं पॅकेट पाठवा, लागोपाठ तीन उत्तरं चुकली की वाट बदला. याहून घाई केलीत तर ब्रॉडबँडच्या साध्या उचकीलाही वाट बदलेल.

परतताना मात्र सावकाश. मूळ लिंक सलग दहा मिनिटं निर्दोष राहिली तरच परत जा. तुटकी जोडणी दर दोन मिनिटांनी वर-खाली होत असते आणि प्रत्येक वेळी काउंटरला धक्का बसतो; त्यापेक्षा दिवसभर पर्यायी लिंकवर राहिलेलं चांगलं. अर्धमेली लिंक तर मेलेल्या लिंकपेक्षा वाईट. पॅकेटहानी एक मिनिट २ टक्क्यांच्या वर राहिली तर सीबीएसचा वर्ग दुसरीकडे हलवा, बाकीचं तिथेच राहू द्या.

वाट बदलते त्या क्षणी काउंटरवर एक धोका असतो आणि तो राउटरमध्ये सुटत नाही. रोखपालाने व्यवहार पाठवला, नोंद झाली, पण उत्तर परत येण्याआधी वाट बदलली. स्क्रीन थांबलेली पाहून तो पुन्हा बटण दाबतो. सीबीएस दुहेरी नोंद अडवत नसेल तर दोनदा पैसे जमा होतात. प्रत्येक काउंटरवर लेखी सूचना लावा: स्क्रीन अडकली की आधी त्या खात्यातली शेवटची नोंद पाहा, मगच पुन्हा टाका.

लिंक दोन घेतल्या म्हणजे वाटा दोन झाल्या असं नाही. तालुक्याच्या ठिकाणी दोन्ही कंपन्यांची फायबर पुष्कळदा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येते. रस्ता रुंदीकरण निघालं की दोन्ही एकदम जातात. मागणीपत्र देतानाच दोन्हींकडून शेवटच्या टप्प्याचा नकाशा घ्या आणि शाखेच्या इमारतीत ती कोणत्या बाजूने शिरते ते स्वतः पाहा. वेगळी वाट मिळतच नसेल तर ४जी राउटर तिसरी वाट म्हणून ठेवा, त्यावर फक्त सीबीएसचा वर्ग सोडा, आणि टनेल शाखेकडूनच सुरू होईल असा ठेवा. सिमला सार्वजनिक पत्ता नसल्याने डेटा सेंटरकडून तो उभा राहत नाही. दोन्ही मॉडेम एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर तेही बदला. यूपीएसवरचे दोन वेगळे सॉकेट, नीट अर्थिंग, एवढं केलं तरी पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी कमी होतात.

डेटा सेंटरचं टोक

४२ शाखांचे ४ एमबीपीएस मिळून १६८ होतात. हेडएंडला १०० एमबीपीएस असेल तर चालतं, सगळ्या शाखा एकाच क्षणी भरत नाहीत. पण एमपीएलएसचं डेटा सेंटरमधलंच टोक पडलं तर सगळ्या ४२ शाखा एकदम ब्रॉडबँडच्या हेडएंडवर येतील. त्या वेळी प्रत्येकीला सीबीएससाठी एक एमबीपीएस धरा, त्यावर आयपीसेकचं वेष्टन, म्हणजे साधारण ५० एमबीपीएस. शेपर लावलेले असतील तर १०० ची लिंक हे पेलते. नसतील तर ५० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवरच्या दोन शाखाच ती भरून टाकतील. राउटरच्या माहितीपत्रकातला मोठा आकडा पाहू नका, आयपीसेकसह आणि लहान पॅकेटांसह किती चालतो तो पाहा, आणि लायसन्सने त्यावर मर्यादा घातली आहे का तेही.

आता लोड बॅलन्सर. सीबीएसची सत्रं तासन्‌तास चालतात, म्हणून आळीपाळीपेक्षा कमीत कमी जोडण्या ही पद्धत बरी. सत्र एकाच सर्व्हरला चिकटवायला कुकी (ब्राउझरने जपलेली खूण) वापरा. स्रोत पत्त्याने चिकटवलंत आणि शाखेत नॅट असेल, तर अख्खी शाखा एका पत्त्याने दिसते. ३० जणांची मुख्य शाखा एका सर्व्हरवर बसते आणि दुसऱ्यावर चार छोट्या शाखा आरामात असतात. लोड बॅलन्सर स्वतःचा पत्ता लावून सर्व्हरकडे पाठवत असेल तर एक्स-फॉरवर्डेड-फॉर (मूळ यंत्राचा पत्ता सांगणारी ओळ) जोडायला लावा. नाहीतर सीबीएसच्या नोंदीत सगळे व्यवहार एकाच यंत्रावरून झालेले दिसतात, आणि लेखापरीक्षणात त्याचं उत्तर द्यावं लागतं.

सर्व्हरची तब्येत फक्त पोर्ट उघडा आहे का यावरून तपासू नका. डेटाबेसच्या जोडण्या संपलेला सर्व्हर पोर्ट उघडा ठेवतो आणि एकही काम करत नाही. उलट तो लगेच मोकळा दिसतो, म्हणून लोड बॅलन्सर नवे लोक त्याच्याकडेच ढकलतो. डेटाबेसमधून एक छोटं वाचन करून ठरावीक शब्द परत देणारं पान बनवा, दर १० सेकंदांनी विचारा, तीन वेळा चुकलं तर बाहेर काढा. याला एक पथ्य आहे: डेटाबेसच मंदावला तर चारही सर्व्हर एकदम नापास होतील आणि लोड बॅलन्सर सगळेच बाहेर काढेल. निदान दोन सर्व्हर कायम आत राहतील अशी किमान संख्या ठरवता येते का पाहा. डेटाबेसचा ताण सर्व्हर वाढवून हलका होत नाही, तो तिथेच सोडवावा लागतो.

निष्क्रिय जोडणी तोडण्याच्या वेळा चढत्या क्रमाने ठेवा: सीबीएसचं सत्र १० मिनिटं, लोड बॅलन्सर २० मिनिटं, फायरवॉल ६० मिनिटं. काही लोड बॅलन्सरवर ही वेळ मुळात ५ मिनिटंच असते. रोखपाल नोटा मोजून परत येतो, बटण दाबतो आणि काहीच होत नाही. मधल्या उपकरणाने जोडणी गुपचूप विसरलेली असते. नव्याने आत घेतलेल्या सर्व्हरवर भार एक-दोन मिनिटांत हळूहळू चढवा. बाहेर काढताना नवीन सत्रं बंद करून जुनी संपू द्या. मोठ्या खंडानंतर ४२ शाखांचे पाचशेच्या वर लोक दोन मिनिटांत लॉगिन करतात, तेव्हा हे नसेल तर पहिला उठलेला सर्व्हर तिथेच पुन्हा झोपतो.

डीआर केंद्राकडे (आपत्तीत काम चालवायला ठेवलेलं दुसरं डेटा सेंटर) जाणारी डेटाबेसची प्रतिकृती शाखांच्या लिंकवरून नेऊ नका. रात्रीच्या ईओडीमध्ये (दिवसअखेरच्या हिशेबात) बदलांच्या नोंदींचा मोठा लोंढा निघतो आणि तो सकाळपर्यंत लांबला तर दिवसाची सुरुवातच अडते. डीआरला स्वतंत्र लिंक द्या. सीबीएसचं सबनेट डीआरकडून जास्त खर्चात तयार ठेवा, पण ते आपोआप पुढे येऊ देऊ नका. कुठला डेटाबेस खरा हे माणसानेच ठरवायचं असतं. पासबुक छपाईच्या युटिलिटीत आणि चेक स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचा पत्ता कोणी हाताने लिहून ठेवलेला असतो, तो शोधून त्याजागी सर्व्हरचं नाव टाका. डीआर ड्रिलमध्ये सीबीएस चालतं आणि पासबुक छापत नाही, ते याच कारणाने.

सुरुवात कुठून

दोन शाखा निवडा, एक गर्दीची आणि एक दूरची. पहिल्या आठवड्यात फक्त मोजमाप. दुसऱ्यात दोन्ही टोकांना शेपिंग आणि वर्ग. बऱ्याच ठिकाणी तक्रार इथेच संपते, ब्रॉडबँडला हात लावायच्या आधी. तिसऱ्यात टनेल आणि वाटप. मग महिन्याच्या पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी, ग्राहकांची वेळ संपल्यावर, एका संगणकावर सीबीएस उघडं ठेवून आणि चेकच्या प्रतिमांचा अपलोड चालू ठेवून एमपीएलएसची केबल काढा. घड्याळ लावून मोजा: किती सेकंदांनी स्क्रीन परत चालली, लॉगिन टिकलं का, अपलोड पुढे गेला की पुन्हा पहिल्यापासून. केबल परत लावा आणि दहा मिनिटांनी वाट आपोआप परतली का बघा. तेच ब्रॉडबँडच्या केबलचं. मग मॉडेम चालू ठेवून फक्त सेवा देणाऱ्याकडून पुढची वाट बंद करायला सांगा, कारण खरा बिघाड असाच येतो. हे सगळे निकाल शाखेच्या रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा आणि दर तीन महिन्यांनी हीच चाचणी करून शेजारी नवे आकडे लिहा.